विनी डोलनने बघून घेतलेला सिनेमा

विनी डोलन चाळीसेक वर्षं सिनेमे आणत होती, आणि त्यातला एकही तिने आणण्याआधी बघितलेला नव्हता. हे ऐकून नवख्या माणसाला ती बेफिकीर वाटेल. तशी ती मुळीच नव्हती. खाटकाकडे साधं हॅम घेतानाही ती त्याला तुकडा उलटा करून दाखवायला लावायची. पण सिनेमाच्या धंद्याची रीतच तशी होती. विनी त्या धंद्यात सोळाव्या वर्षी तिकीटखिडकीतून शिरली, थिएटरमालकाच्या मुलाशी, लिओशी, लग्न करून आत राहिली, आणि लिओ गेल्यावर एकटीच मालकीण झाली. लिओला पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने दुपारचा खेळ लावला. गावात कुजबुज झाली. तिचं म्हणणं एवढंच, "करार सहा आठवड्यांचा आहे. लिओ मेला म्हणून कंपनी त्यातला एक कमी करणार आहे का?"

आमचं टॅमरॅक कोळशाचं गाव. खाणी बऱ्याचशा बंद झाल्या, माणसं राहिली. गावात थिएटर एकच, 'लिरिक'. एक पडदा, वर बंद करून ठेवलेली बाल्कनी, आणि तळघरात असा एक बॉयलर की तो पेटला की पहिल्या रांगेतले लोक कोट काढायचे आणि शेवटच्या रांगेतले घालायचे. मी विनीपासून दोन घरं वर राहते. तिला गाडी चालवता येत नव्हती, मला येत होती. आमची ओळख त्यातून वाढली.

लिरिकचं वर्ष नाताळवर चालायचं. नाताळचा सिनेमा चालला तर हिवाळा निघायचा, नाही चालला तर विनी सरळ दोन-दोन कोट घालून तिकिटं विकायची. आणि हा नाताळचा सिनेमा ठरायचा भर उन्हाळ्यात. फिलाडेल्फियाहून वितरक कंपनीचा माणूस, मर्व्ह ग्लासमन, फोन करायचा.

"मिसेस डोलन, नाताळचा सिनेमा आलाय!"

"कुठे आलाय?"

"म्हणजे येतोय. शूटिंग चालू आहे."

"गोष्ट काय?"

"युद्ध आहे, प्रेम आहे, बर्फ आहे. आणखी काय पाहिजे बाई तुम्हाला?"

मग पाकिटात आकडा घालून पाठवायचा. ज्याचा आकडा मोठा त्याला सिनेमा. हमीची रक्कम आधी भरायची, किती आठवडे दाखवायचा ते कंपनी सांगणार, आणि तुम्ही तो पहिल्यांदा बघणार गावाबरोबर, पहिल्या खेळाला. एका वर्षी असा 'युद्धपट' म्हणून घेतलेल्या सिनेमात एक म्हातारा सैनिक हॉटेलच्या खोलीत बसून दोन तास खिडकीबाहेर बघत होता. अर्ध्यात कुणीतरी ओरडलं, "विनी, रणगाडा कधी येणार?" विनी नेहमीसारखी मागच्या दाराशी उभी होती. म्हणाली, "मलाही तुझ्याइतकंच माहीत आहे रे." तो सिनेमा तिला पाच आठवडे दाखवावा लागला. शेवटी शेवटी प्रोजेक्टरवाला पीट हॅरिनचॅक एकटाच प्रेक्षक होता, आणि तोही घोरायचा.

म्हणून राज्यातले लहान थिएटरवाले एकत्र झाले तेव्हा विनी पुढे होती. त्यांची मागणी साधी होती: आधी दाखवा, मग बोली मागा. राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, आमदारांच्या समितीपुढे ती बोलायला उभी राहिली. टोपीला पीस होतं. ती म्हणाली, "मी कोबी घेताना दाबून बघते. कोबीवाला कधी म्हणत नाही, की बाई, आधी पैसे द्या, सहा आठवडे हाच कोबी खायचं कबूल करा, आणि मग दाबा." समिती हसली. आमच्या भागाच्या आमदाराने तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. वर्षभराने कायदा झाला. सिनेमा राज्यात थिएटरवाल्यांना दाखवल्याशिवाय वितरकाने तो कुणाला द्यायचा नाही, बोलीही मागवायची नाही. आणि बोलीची पाकिटं सगळ्यांसमोर उघडायची.

आम्ही सगळ्यांनी विनीचं अभिनंदन केलं. तिने त्या दिवशी लिरिकमध्ये पॉपकॉर्न फुकट वाटलं. मग त्या कायद्याचा पहिला नाताळ आला, आणि तेव्हापासून मला नक्की काय चाललंय ते कळेनासं झालं.

झालं असं, की मर्व्हचा फोन उन्हाळ्यात आलाच नाही. तो आला नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर.

"मिसेस डोलन, यंदा नाताळचा सिनेमा तुम्हाला मिळत नाही. तयारच नाहीये. संगीत बाकी आहे. तयार नाही म्हणजे दाखवता येत नाही. दाखवला नाही म्हणजे देता येत नाही."

"मग पूर्वीसारखा द्या. न बघता."

"तुमचा कायदा आहे ना."

"नदीपलीकडच्या राज्यात?"

"तिथे पंचवीस तारखेला लागतोय. तिथे तुम्ही कोबीचं भाषण केलं नव्हतं."

विनी फोन ठेवून तशीच, सपाता घालून, बर्फातून माझ्या स्वयंपाकघरात आली. हातात कायद्याची छापील प्रत. "तू कॉलेज केलंयस. मला सांग, मी लिहून देते की मला सिनेमा बघायचा नाही. माझा हक्क मी सोडते. मग तर देतील?"

मी वाचलं. दोनदा वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की हा हक्क थिएटरवाल्याने सोडला तरी ते सोडणं चालणार नाही.

"म्हणजे?" विनी म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला तो सोडता येत नाही."

"हक्क माझा आहे ना?"

"हो."

"मग तो सोडायचा हक्क कुणाचा?"

मी समजावायला गेले. म्हटलं, सोडता आला असता तर कंपनीने पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून सोडल्याच्या सह्या घेतल्या असत्या; म्हणून कायदा तुम्हाला असा वाचवतो. बोलताना मला ते पटत होतं. विनीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तो मला माझ्यापासूनच वाचवतोय? मग कंपनीपासून कोण वाचवणार?" मी तिला कॉफी दिली.

तिने आमदाराला फोन लावला. माझ्याच फोनवरून, मी शेजारी कान लावून, म्हणून दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

"मिसेस डोलन! काय म्हणतोय आपला कायदा? चाललाय ना?"

"चाललाय हो. माझ्याच अंगावरून चाललाय."

"छान, छान!" तो म्हणाला. त्याला वाटलं ती आभार मानायला फोन करतेय. विनीने सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "पण तुम्हालाच तर बघून घ्यायचं होतं." हे इतकं खरं होतं, की विनीने त्याला नाताळच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

त्याच आठवड्यात नॉर्मन फ्राय येऊन गेला. नॉर्मनचं गालिचे आणि लिनोलियमचं दुकान होतं आणि त्याला गोदामासाठी लिरिक विकत हवं होतं. लिरिकची फरशी उतरती असली तरी त्याची हरकत नव्हती, तो ती सपाट करून घेणार होता. माणूस वाईट नाही. त्याने टोपी काढून विचारलं, "विनी, यंदा तरी सांगून टाक. थंडीत एकटी किती दिवस त्या बॉयलरशी भांडणार?" विनी एरवी त्याला हाकलून द्यायची. या वेळी म्हणाली, "जानेवारीत सांगते." ती 'नाही' म्हणाली नव्हती.

नाताळसाठी तिने एक जुना कार्टूनपट आणून ठेवला, गावातल्या प्रत्येक पोराने तीनदा बघितलेला. आणि मग नाताळ तीन दिवसांवर आला असताना मर्व्हचा पुन्हा फोन. सिनेमा तयार झाला. सोमवारी सकाळी फिलाडेल्फियात थिएटरवाल्यांना दाखवणार.

"आता बघून काय करू?" विनी मला म्हणाली. आणि लगेच, "तू गाडी काढशील ना?"

माझ्या धाकट्याला त्या सकाळी ताप होता. फार नाही, पण ताप तो ताप. नवरा म्हणाला, मी आहे घरी, तू जा. रस्त्यावर बर्फाची काच झालेली. जाताना सगळी वाट माझं अर्धं लक्ष चाकांकडे आणि अर्धं त्या थर्मामीटरकडे होतं; विनी शेजारी बसून टोपीचं पीस सरळ करत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती सिनेमा घेण्याआधी बघायला निघाली होती आणि एखाद्या परीक्षेला निघाल्यासारखी दिसत होती.

कंपनीच्या कचेरीत वरच्या मजल्यावर छोटासा हॉल होता. आत वीसेक थिएटरवाले ओले कोट घालून बसलेले. आमच्या गावापलीकडच्या मॉलमधल्या दोन पडद्यांचा मालक डिक शॅनरही होता. सगळे एकमेकांना ओळखत होते, पण कुणी धड बोलत नव्हतं. दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. रेल्वेच्या सिग्नलवाल्याची लहान मुलगी बर्फात हरवते, तिचं पाळलेलं बदक तिच्या मागे, आणि बाप दोघांना शोधत हिंडतो. बदक एका पाद्र्याच्या मागे लागतं तेव्हा मला हसू आलं. मी हसले. वीसही माना माझ्याकडे वळल्या.

मला तोवर माहीत नव्हतं, की तिथे हसायचं नसतं. जो हसला त्याला सिनेमा आवडला. ज्याला आवडला तो मोठा आकडा घालणार. मग शेजारचा त्याहून मोठा घालणार. म्हणून सगळे दगडासारखे बसलेले. डिक शॅनर तर ऐन रंगात आलेल्या प्रसंगात नखं साफ करत होता. आणि विनी? विनी पडद्याकडे बघतच नव्हती. ती मान वळवून माणसांचे चेहरे बघत होती.

नंतर कळलं, ती कायम तेच करत आली होती. चाळीस वर्षं तिने सिनेमा मागच्या दाराशी उभं राहून, समोरच्या डोक्यांवरून ओळखला होता. डोकी स्थिर असली की चांगला. डोकी हलली, कागद कुरकुरले, की वाईट. पडदा बघून सिनेमा कसा आहे हे तिला सांगता येत नव्हतं, आणि इथे डोकी काहीच सांगत नव्हती. बघायचा हक्क मिळवण्यासाठी ती हॅरिसबर्गपर्यंत गेली, आणि बघायला बसल्यावर तिला काही दिसेना.

शेवटाकडे तो बाप एका जुन्या खाणीत शिरतो. हातातली काडी पेटवून अंधारात मुलीला हाका मारतो. मला रडू कोसळलं. रुमाल सापडेना, मी कोटाच्या बाहीला डोळे पुसले. दिवे लागले तेव्हा विनी माझ्याकडेच बघत होती.

जिन्यात तिने मला गाठलं. "तू रडलीस."

"मिसेस डोलन, त्यावर जाऊ नका. घरी पोराला ताप आहे. मी कशानेही रडले असते."

"गावात आणखी कुणाच्या पोराला ताप नाही का?"

"अहो, पण ते सिनेमामुळे नव्हतं!"

"मला ते काय करायचंय? रडलीस की नाही?"

खाली मर्व्ह कॉफी देत होता. त्याने सरळच सांगितलं, बोली, पाकिटं, मग प्रत पाठवणं, हे सगळं होऊन नव्या वर्षाआधी कुणालाच सिनेमा मिळणार नाही. "आणि नवीन वर्षात नाताळचा सिनेमा कोण बघणार? शाळा सुरू होणार, झाडं कचऱ्यात जाणार. खरं सांगू बाई? बोली येतील असं मला वाटत नाही." डिक शॅनर कोटाची बटणं लावत म्हणाला, "विनी, फुकट दिला तरी नको. तुझा कायदा छान आहे हां पण." आणि गेला.

परतताना ती पुन्हा टोपीचं पीस सरळ करत बसली. मी दोनदा थांबून घरी फोन केला. ताप उतरला होता, तरी मी उगाच जोरात गाडी हाकली आणि मग बर्फ आठवून हळू केली. गावात शिरल्यावर ती म्हणाली, आधी लिरिककडे घे, पीटला खायला आणलंय.

पीट प्रोजेक्टरच्या खोलीत डब्यातल्या थंड घेवड्याच्या शेंगा खात बसला होता. विनीने फिलाडेल्फियाचं हॅम सँडविच त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते हळूच परत सरकवलं.

"उपास आहे, विनी."

"अजून?"

"दरवर्षी विचारतेस. दरवर्षी सांगतो. मांस नाही, दूध नाही, नाच नाही, तमाशा नाही. मी इथे काम करतो म्हणून पाद्रीबाबा मला सिनेमा माफ करतात, तोही न बघण्याच्या अटीवर."

"कधीपर्यंत?"

"आमच्या नाताळपर्यंत. सात जानेवारी."

विनी सँडविच हातात घेऊन तशीच उभी राहिली. गावाच्या वरच्या अंगाला कांद्यासारखे घुमट असलेली, जुन्या पंचांगाने सण पाळणारी दोन रशियन देवळं आहेत, आणि अर्धं टॅमरॅक त्या देवळांचं आहे. रशियन नाताळला त्या घरांतली पोरं शाळेत जात नाहीत आणि शाळाही विचारत नाही. आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे मश्रूमचं सूप होतं, खसखस आणि मध लावलेले कणकेचे गोळे होतात. पीट दरवर्षी त्यातले एका डब्यात घालून विनीला आणून द्यायचा आणि विनी ते आवडीने खायची. पण ती होती आयरिश. तिचा नाताळ पंचवीसला, कंपनीचा पंचवीसला. इतकी वर्षं तिने नाताळचा सिनेमा अर्ध्या गावाला त्यांच्या उपासात दाखवला होता, आणि त्यांचा सण येईपर्यंत तो दोन आठवडे चालून शिळा झालेला असायचा. हे तिच्या लक्षात का आलं नाही, हे मला आजही कळत नाही. माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पीटच्याही, खरं म्हणजे.

"पीट, तुझ्या माणसांना बदक आवडतं का?" विनीने विचारलं.

"खायला?"

तिने सात जानेवारीपासून दोन आठवड्यांची बोली पाठवली. पाकिटं उघडताना हजर राहायचा तिला कायद्याने हक्क होता. मर्व्हने फोनवर विचारलं, येताय का? "किती पाकिटं आहेत?" "एक." "माझंच पाकीट उघडलेलं बघायला मी एवढ्या बर्फातून येऊ? हा हक्क तरी मला सोडता येतो का, की तोही नाही?" मर्व्हला माहीत नव्हतं. त्याने पाकीट उघडलं आणि तिचाच आकडा तिला फोनवर वाचून दाखवला.

पंचवीसला कार्टूनपटाला वीस पोरं आली. त्यातली निम्मी माझ्या ओळखीची, आईने धाडलेली. नॉर्मन फ्राय समोरच्या फुटपाथवर उभा राहून इमारतीची रुंदी नजरेने मापत होता. मी विनीला म्हटलं, मी रडले त्यावर तुम्ही एवढं सगळं टांगलंत, मला झोप लागत नाही. ती म्हणाली, "तुला कधी लागते?"

सात तारखेला दुपारी, मोठी प्रार्थना आणि जेवणं आटोपून, वरच्या अंगाचे लोक उतरायला लागले. आज्या, नवे बूट घातलेली पोरं, म्हातारे खाणकामगार, सगळे सणाच्या कपड्यांत. चाळीस दिवस उपास केलेली माणसं, करमणुकीचीही भुकेली. लिरिकची खालची जागा भरली. विनीने बाल्कनी उघडली. तिथल्या खुर्च्या पुसायला मी आणि माझा नवरा दोघं लागलो.

सिनेमा सुरू झाला. विनी मागच्या दाराशी, मी तिच्या शेजारी. बदकाला हशा. मुलगी हरवली, हॉल शांत. विनी डोक्यांवरून नजर फिरवत होती. मग बाप खाणीत शिरला आणि त्याने काडी पेटवली.

"अरे विझव ती!" पुढून एक म्हातारा गरजला.

"गॅस आहे गाढवा! उडशील!"

"याला आत कुणी सोडला?"

"पोरगी राहू दे, आधी हा मरतो बघ!"

सगळा हॉल हसत होता. ज्यांच्या बापाला, भावाला खाणीने नेलं होतं ती माणसं पोट धरून हसत होती, डोळे पुसत होती. ज्या जागी मी रडले होते नेमकी तीच जागा. मी विनीचा हात धरला. तिचा चेहरा पार गोंधळलेला. ती खाणीच्या मुकादमाची मुलगी. तिला हे फिलाडेल्फियातच दिसायला हवं होतं, पण तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

"हसतायत की रडतायत गं?" तिने विचारलं.

"मला कळत नाही."

"चांगलं की वाईट?"

"मिसेस डोलन, खरंच कळत नाही."

सिनेमा संपला. कुणी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी तेच लोक पुन्हा आले, या वेळी पंचवीसवाले शेजारी बरोबर घेऊन, त्या काडीवर एकत्र ओरडायला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या खाणवाल्यांची बस आली. मर्व्हने फोन करून विचारलं, तिथे चाललंय तरी काय, बाकी कुठेच हा सिनेमा चालत नाहीये. विनी म्हणाली, "बघून घेतलाय ना." आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले.

कायद्याने तिचं भलं केलं की तिच्या लिरिकचं जवळजवळ गोदाम करून टाकलं, यावर आम्ही दोघी नंतर पुष्कळदा बोललो. कधी ती एका बाजूने, कधी मी.

त्या शनिवारी नॉर्मन फ्राय आला. बोलायला आला होता, पण गर्दीत त्याला तिकीट काढावं लागलं. ऐन खेळात तो अंधारात विनीला शोधत मधल्या वाटेने मागे यायला लागला.

"विनी," तो कुजबुजला, "म्हणजे हे 'नाही' समजायचं का?"

"बस खाली, नॉर्मन," विनी म्हणाली, नजर डोक्यांवरच ठेवून. "मागच्यांना दिसत नाहीये."